सगळ्यांशी फ्लर्ट करणारी 'ती' नको त्याच्याच प्रेमात का पडते? रिजन्सी रोमान्समधल्या नखरेल नायिकेची गोष्ट

'ब्रिजर्टन'चा तिसरा सीझन मे २०२४ मध्ये आला आणि रील्सवर बग्गीतल्या त्या सीनचा पूर आला. ज्यांनी सीझन पाहिलाय त्यांना आठवत असेल, बग्गीपर्यंत पोहोचायच्या आधी कॉलिन पेनेलपीची चक्क शिकवणी घेतो. विषय काय, तर पुरुषांशी फ्लर्ट कसं करायचं. ती बिचारी बॉलरूमच्या भिंतीला टेकून तीन सीझन काढलेली मुलगी. तिला नवरा हवाय, आणि नवरा मिळवायचा तर आधी दोन वाक्यं लाडिक बोलता आली पाहिजेत, असा एकंदर हिशोब.

आपल्याला ते सगळं गोड वाटतं. पण एक प्रश्न पडायला हवा. फ्लर्टिंगची शिकवणी लावायची वेळ का यावी? कारण त्या जगात फ्लर्टिंग हा टाईमपास नव्हता, तो जॉब इंटरव्ह्यू होता. आणि ज्या मुलीला हे आधीपासून उत्तम जमतं, जी पाच जणांना एकाच वेळी खेळवते, ती या प्रकारच्या कादंबऱ्यांमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मजेशीर नायिका आहे. तिचा प्लॅन पक्का असतो. श्रीमंत, थोरला, पदवीवाला कुणीतरी गाठायचा. आणि मग प्लॅनमध्ये कुठेच नसलेला माणूस मध्ये येतो.

गंमत म्हणजे या नायिकेचं एक खरंखुरं मूळ थेट कलकत्त्यात सापडतं. पण तिकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

रिजन्सी म्हणजे नेमका कोणता काळ?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्य चालवू शकेना, म्हणून फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या मुलाला रिजंट, म्हणजे कारभार पाहणारा युवराज, नेमण्यात आलं. जानेवारी १८२० मध्ये राजा वारला आणि हाच मुलगा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. मधली ही नऊ वर्षं म्हणजे रिजन्सी. कादंबऱ्या मात्र इतकं काटेकोर पाळत नाहीत. १७९५ च्या आसपासपासून व्हिक्टोरिया राणी येईपर्यंतचं सगळंच त्यांना चालतं.

हा युवराज स्वतः काय चीज होता? त्याने १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न केलं. कायद्याने ते ग्राह्य नव्हतं. नंतर त्याने राजघराण्याच्या पसंतीने दुसरं लग्न केलं, बायकोशी पटलं नाही, आणि या सगळ्याच्या आगेमागे प्रेयसींची रांग होतीच. म्हणजे ज्या काळात एखादी मुलगी एकाच पुरुषाबरोबर फार वेळा नाचली तर कुजबुज सुरू व्हायची, त्या काळाचा अधिकृत चेहरा हा असा होता. जेन ऑस्टिनला तो अजिबात आवडायचा नाही. तरी त्याच्याकडून सूचना आली म्हणून तिला 'एमा' ही कादंबरी त्यालाच अर्पण करावी लागली.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? १८१८ मध्ये पेशवाई संपली, म्हणजे अगदी याच काळात. ज्याच्या वॉटर्लूच्या विजयाने लंडनच्या बॉलरूम लाल कोटातल्या अधिकाऱ्यांनी भरून गेल्या, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन त्याआधी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, १८०३ मध्ये, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. रिजन्सी कादंबरीतली झुंबरं, घोडे आणि रेशमी झगे यांच्या पैशाचा एक मोठा झरा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून आणि दुसरा वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामातून वाहत होता. कादंबऱ्या हे सहसा सांगत नाहीत, पण माहीत असलेलं बरं.

फ्लर्ट करायचं, पण किती?

आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खात्यापित्या घरातल्या मुलीसमोर पर्याय किती होते? नोकरी म्हणाल तर कुणाच्या तरी घरी गव्हर्नेस व्हायचं, म्हणजे त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि पगारी आश्रितासारखं राहायचं. घरची इस्टेट सहसा थोरल्या मुलाकडे जायची. आणि लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बायको वेगळी व्यक्तीच उरायची नाही. खास करारनामा करून ठेवला नसेल तर तिचे पैसे नवऱ्याचे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा तिकडे १८८२ मध्ये आला. घटस्फोटासाठी १८५७ पर्यंत पार्लमेंटमध्ये खास कायदा मंजूर करून घ्यावा लागायचा, आणि तो बहुतेक वेळा पुरुषांनाच परवडायचा आणि मिळायचा.

म्हणजे मुलीच्या आयुष्यातला एकमेव मोठा निर्णय म्हणजे नवरा. त्यातही ती स्वतःहून विचारू शकत नव्हती. तिच्या हातात फक्त होकार किंवा नकार होता. मग समोरच्याने विचारावं यासाठी काय करायचं? बोलायचं, हसायचं, थोडा भाव खायचा. हे सगळं नियमांच्या चौकटीत.

नियम तरी किती! लंडनमध्ये 'सीझन' असायचा. लग्नाच्या मुलींना घेऊन आया तिथे मुक्काम ठोकायच्या. ऑल्मॅक्स नावाच्या क्लबात बुधवारी नाच असायचा आणि तिथे शिरायला पैसे असून भागायचं नाही, काही उमराव बायकांची समिती ठरवेल त्यालाच प्रवेशपत्र मिळायचं. एकाच पुरुषाबरोबर एका रात्रीत दोनपेक्षा जास्त वेळा नाचलं की लोक तारीख विचारायला लागायचे. लग्न ठरल्याशिवाय तरुण मुलाने आणि मुलीने एकमेकांना पत्रं लिहायची नाहीत. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मध्ये मारियान विलबीला पत्र लिहिते आणि तिची सख्खी बहीण त्यावरून समजते की यांचं ठरलेलं असणार. ठरलेलं काहीच नसतं. तिथूनच पुढचं रडगाणं सुरू होतं.

त्यामुळे नाचताना मिळालेला वेळ हीच काय ती प्रायव्हसी. भोवती शंभर लोक, भिंतीलगत आया आणि मावश्यांची फौज, आणि मध्ये दोघांचं हळू आवाजातलं बोलणं. आजच्या भाषेत सांगायचं तर डीएम नाही, कॉल नाही, फक्त कमेंट सेक्शनमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं आणि तरी समोरच्यालाच कळेल असं बोलायचं. ज्या मुलीला हे जमतं तिच्याकडे खरंच कला आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. पंखा गालाला लावला की 'हो', उघडून मिटला की 'नाही', अशी पंख्याची गुप्त भाषा होती हे तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलं असेल. पंख्यावरचे गमतीचे खेळ तेव्हा निघाले होते हे खरं. पण ती प्रसिद्ध यादी बरीच नंतरची, पंखे विकणाऱ्या दुकानदारांनी जाहिरातीसाठी फिरवलेली. रिजन्सीतल्या मुली बहुधा पंख्याने वारा घ्यायच्या. शंभर मेणबत्त्या पेटलेल्या बंद हॉलमध्ये त्याची गरजही होती.

फ्लर्ट करणारीची खरी अडचण वेगळीच होती. कमी बोललं तर घमेंडखोर किंवा मठ्ठ, जास्त बोललं तर छचोर. मधली रेषा कुठे आहे हे कुणी सांगायचं नाही, ओलांडल्यावर मात्र सगळे सांगायचे. आणि एकदा 'बदनाम' हा शिक्का बसला की तो एकटीवर बसायचा नाही. 'प्राईड अँड प्रेज्युडिस'मधली लिडिया विकमबरोबर पळून जाते तेव्हा ती जेमतेम सोळाची असते, आणि घरात सगळ्यात मोठी भीती असते ती बाकीच्या चार बहिणींच्या लग्नाची. ही भीती समजायला मराठी घरात वेगळं स्पष्टीकरण लागू नये.

कलकत्त्याची एलायझा

आता येऊ खऱ्या नायिकेकडे. जेन ऑस्टिनची आत्या फिलाडेल्फिया. आईवडील नाहीत, पैसे नाहीत, वय एकवीस. १७५२ मध्ये ती 'बॉम्बे कॅसल' नावाच्या जहाजात बसून भारतात आली, कारण इथे कंपनीचे नोकरदार इंग्रज बरेच आणि इंग्रज मुली अगदी कमी. वर्षभरातच मद्रास किनाऱ्यावर तिचं टायसो हॅनकॉक नावाच्या कंपनीच्या सर्जनशी लग्न झालं. ऑस्टिनने लहान वयात लिहिलेल्या एका अर्धवट गोष्टीत नवरा शोधायला बंगालला पाठवलेली एक अनाथ मुलगी येते. ती कुठून आली असेल हे सांगायला नको.

हॅनकॉक दांपत्याला १७६१ मध्ये कलकत्त्यात मुलगी झाली. तीच एलायझा. तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज, म्हणजे पुढे गव्हर्नर जनरल झालेला तोच. त्याने तिच्यासाठी दहा हजार पौंडांची तजवीज करून ठेवली. ही रक्कम इतकी मोठी होती की खरा बाप कोण यावर तेव्हाही कुजबुज झाली आणि चरित्रकार आजही वाद घालतात. पुरावा कुणाकडेच नाही, त्यामुळे आपणही तिथेच सोडून देऊ.

एलायझा इंग्लंड आणि मग फ्रान्समध्ये वाढली. वीसेक वर्षांची असताना तिने एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. तो स्वतःला काउंट म्हणवायचा, त्या पदवीबद्दल शंका होती, पण 'काउंटेस' म्हणून मिरवायला एलायझाला काहीच शंका नव्हती. १७८७ च्या नाताळात ती मामाकडे स्टीव्हनटनला आली. खेड्यातल्या एका पाद्र्याचं घर, त्यात मुलांची गर्दी, आणि पॅरिसहून आलेली ही पंचवीस-सव्वीस वर्षांची झगमगती बहीण. घरात नाटकं बसवली गेली, एलायझाने प्रमुख भूमिका केल्या आणि मामेभाऊ जेम्स आणि हेन्री दोघेही पाघळले. जेन तेव्हा बारा वर्षांची होती. कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. पुढे तिने 'लव्ह अँड फ्रेंडशिप' ही धमाल बालिश गोष्ट लिहिली आणि ती एलायझालाच अर्पण केली.

फ्रेंच राज्यक्रांतीत एलायझाच्या नवऱ्याला फेब्रुवारी १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आलं. बत्तीस वर्षांची विधवा, सोबत आजारी मुलगा. आता जेम्स आणि हेन्री दोघांनीही पुन्हा प्रयत्न केले. जेम्स विधुर झाला होता आणि पाद्री होता. घरातल्या आठवणींनुसार एलायझाला पाद्र्याची बायको होऊन खेड्यात राहणं काही पटेना. हेन्री तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यालाही तिने आधी नकारच दिला. दुसऱ्या एका बहिणीला लिहिलेल्या पत्रांतून ती अगदी मोकळेपणाने सांगते की स्वातंत्र्य सोडवत नाही, आणि त्याहून जास्त फ्लर्टिंग सोडवत नाही.

ही कबुली हलक्यात घेऊ नका. विधवा असल्यामुळे तिचे पैसे तिच्या ताब्यात होते. ती कायद्याने स्वतंत्र होती. फ्लर्ट करणं ही तिच्यासाठी नवरा मिळवायची युक्ती उरली नव्हती, ते नवऱ्याशिवाय मजेत जगण्याचं साधन होतं. लग्न करायचं म्हणजे हे सगळं परत कुणाच्या तरी हातात द्यायचं.

तरी ३१ डिसेंबर १७९७ रोजी तिने हेन्रीशी लग्न केलं. ती छत्तीस, तो सव्वीस. हेन्री पाद्री होणार होता, तो बेत सोडून लष्करी मिलिशियात गेला आणि नंतर लंडनमध्ये बँकर झाला. दोघांनी मजेत संसार केला. १८११ मध्ये जेन आपल्या पहिल्या कादंबरीची प्रुफं तपासायला त्यांच्या लंडनच्या घरी राहिली होती, तेव्हा एलायझाने साठेक पाहुण्यांना बोलावून गाण्याची मोठी पार्टी दिली होती. एप्रिल १८१३ मध्ये एलायझा दीर्घ आजाराने वारली तेव्हा शेवटच्या दिवसांत जेन तिच्याजवळ होती. पुढे १८१६ मध्ये हेन्रीची बँक बुडाली आणि मग तो अखेर पाद्री झालाच. एलायझा हे बघायला नव्हती, नाहीतर तिने यावर नक्की एखादा टोमणा मारला असता.

मेरी क्रॉफर्ड का हरते?

एलायझाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८१४ मध्ये, 'मॅन्सफिल्ड पार्क' प्रसिद्ध झाली. त्यातली मेरी क्रॉफर्ड ही माझ्या मते ऑस्टिनची सगळ्यात जिवंत फ्लर्ट. लंडनची, हुशार, वीस हजार पौंडांची मालकीण, हार्प वाजवणारी. ती खेड्यात येते तेव्हा सरळ हिशोब करते. सर थॉमस बर्ट्रमचा थोरला मुलगा टॉम म्हणजे वारसदार, म्हणून टॉम. धाकटा एडमंड पाद्री होणार, म्हणून तो यादीतच नाही.

आणि ती एडमंडच्या प्रेमात पडते. कसं, तर तिलाही कळत नाही. एडमंड गोडगोड बोलत नाही, तिची खोटी स्तुती करत नाही, तिच्या विनोदांना कधीकधी हसतही नाही. ज्याच्यावर आपली जादू नेहमीच्या पद्धतीने चालत नाही त्याच्याकडे ती परतपरत जाते. घरात नाटक बसवलं जातं, आणि त्यात मेरीच्या वाट्याला नेमकी अशी भूमिका येते की तिने एका पाद्र्याला प्रेमाची कबुली द्यायची, आणि तो पाद्री म्हणजे एडमंड. स्टीव्हनटनचं ते नाताळ आणि तो पाद्री मामेभाऊ आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही. अभ्यासकही मेरीमध्ये एलायझाची सावली बघतात. अर्थात सावलीच. मेरी म्हणजे हुबेहूब एलायझा असं म्हणणं दोघींवर अन्याय होईल.

पण ऑस्टिन मेरीला जिंकू देत नाही. टॉम मरणाच्या दारात असताना मेरी पत्रात सूचित करते की तो गेला तर इस्टेट एडमंडला मिळेल, आणि तिला ते वाईट वाटणार नाही. नंतर तिचा भाऊ हेन्री एडमंडच्या विवाहित बहिणीला, मारियाला, घेऊन पळतो. मेरीच्या लेखी हा मूर्खपणा, कारण ते पकडले गेले. एडमंडला हे पाप वाटतं. तो उठून निघतो, ती दारात येऊन हसून त्याला हाक मारते, तेच जुनं लाडिक हसू. तो थांबत नाही.

पूर्वी वाचकांना हा न्याय वाटायचा. मला तो सीन वाचताना मेरीची दया येते. तिला जगण्याचं एकच हत्यार शिकवलं गेलं होतं, आणि आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या क्षणी तिने तेच उपसलं. ऑस्टिनलाही ती पूर्ण नकोशी नव्हती. शेवटी ती सांगते की एडमंडची सर येईल असा दुसरा माणूस मेरीला कितीतरी दिवस सापडला नाही. खलनायिकेसाठी कुणी एवढं लिहीत नाही.

आणि पळून गेलेल्या दोघांचं काय? मारियाला घटस्फोट, मग दूर कुठेतरी एका कटकट्या मावशीबरोबर कायमचं राहणं. हेन्री क्रॉफर्डला थोडा पश्चात्ताप. ऑस्टिन इथे कथेतून जरा बाहेर येऊन म्हणते की समाज दोघांना सारखी शिक्षा देत नाही. १८१४ मध्ये हे छापलं गेलंय.

तिची दुसरी फ्लर्ट, लेडी सुझन, मात्र सहीसलामत सुटते. पस्तिशीची देखणी विधवा, एका विवाहित माणसाशी प्रकरण, त्याच वेळी एका तरुणाला गळाला लावलेलं, आणि मुलीसाठी शोधलेल्या श्रीमंत मूर्ख नवरदेवाशी शेवटी स्वतःच लग्न. ही छोटी कादंबरी १७९४ च्या आसपास लिहिली आणि ऑस्टिनच्या हयातीत छापलीच नाही. १८७१ मध्ये आली. प्रेम मात्र लेडी सुझनलाही मिळत नाही. तिला ते नकोच असतं.

मग ती जिंकायला कधी लागली?

याचं श्रेय जॉर्जेट हेयरला. १९०२ मध्ये जन्मलेल्या या इंग्लिश लेखिकेने १९३५ मध्ये 'रिजन्सी बक' लिहिली आणि 'रिजन्सी रोमान्स' हा प्रकारच जवळजवळ एकटीने उभा केला. बग्ग्यांचे प्रकार, टायच्या गाठी, तेव्हाची बोलीभाषा, सगळ्याच्या तिने वह्याच्या वह्या भरल्या होत्या. तिचे दोषही माहीत असावेत. उच्चकुलीन म्हणजेच चांगला हा तिचा हट्ट वैताग आणतो, आणि 'द ग्रँड सोफी'मधला ज्यू सावकार आज वाचवत नाही.

पण फ्लर्ट नायिकेचं भाग्य तिनेच पालटलं. 'फेरोज डॉटर' घ्या. डेबोरा ग्रँथम मावशीच्या जुगारघरात पत्ते वाटते, पुरुषांशी हसूनखेळून वागणं हा तिच्या कामाचाच भाग. मॅक्स रेव्हन्सकर नावाच्या श्रीमंत माणसाला वाटतं की हिने आपल्या कोवळ्या भावाला नादी लावलंय. तो तिला पैसे देऊ करतो. तिला त्या पोराशी लग्न करायचंच नसतं, पण अपमान इतका झोंबतो की ती मुद्दाम भडक कपडे घालून, अत्यंत सवंग वागून त्याला छळते. वेळ येते तेव्हा त्याला तळघरातही कोंडते. आणि या भांडणात दोघांनाही कळतं की आयुष्यात पहिल्यांदाच बरोबरीचं कुणीतरी भेटलंय. फ्लर्टिंग हा तिचा मुखवटा होता आणि त्याच्यासमोर ती तो इतका ताणते की शेवटी तोच फाटतो.

माझी आवडती मात्र १९५३ ची 'कोटिलियन'. किटीला देखण्या, बिनधास्त जॅकला जळवायचंय, म्हणून ती साध्यासुध्या फ्रेडीला खोटा साखरपुडा करायला पटवते. फ्रेडीला कपड्यांची अक्कल उत्तम, पुस्तकांची शून्य. नायक होण्यासारखं त्याच्यात काहीच नाही. पण लंडनमध्ये एकेक अडचण येत जाते आणि जॅक डायलॉग मारत असताना फ्रेडी गुपचूप ती सोडवत जातो. किटीला ज्याच्यासाठी हा सगळा खेळ मांडला तो माणूस हळूहळू पोकळ दिसायला लागतो.

'ब्रिजर्टन'च्या पहिल्या सीझनमधलं डॅफ्नी आणि सायमनचं खोटं प्रेमप्रकरण याच वाटेने चालतं, आणि खोट्या रिलेशनशिपचा हा सगळा फॉर्म्युला आज रोमान्स वाचणाऱ्या पोरींना तोंडपाठ आहे.

प्रेम अनपेक्षितच का हवं?

कारण फ्लर्टिंग म्हणजे अंदाजाचा खेळ. मी हे म्हणाले की तो ते म्हणेल. फ्लर्ट नायिकेला पुरुष पाठ असतात. तिला धक्का द्यायचा तर असा कुणीतरी हवा ज्याचं उत्तर तिच्या वहीत नाही. म्हणून तो एकतर तिचा खेळ ओळखून हसणारा असतो, नाहीतर फ्रेडीसारखा खेळात नसलेलाच. हेयरच्या 'व्हेनिशिया'मध्ये तर बदनाम असलेला डॅमरेल तिच्याशी फ्लर्ट करायला येतो आणि ती त्याचे विनोद त्याच्याच आधी पूर्ण करते. दोघांची मैत्रीच होऊन बसते, आणि मग प्रेम टाळता येत नाही.

दुसरं कारण कायद्यात आहे. जिथे लग्न म्हणजे सगळं नवऱ्याच्या हवाली, तिथे ठरवून केलेला सौदा कितीही चांगला असला तरी सौदाच. वाचकाला खात्री हवी असते की हा माणूस हातात आलेली सत्ता वापरणार नाही. ही खात्री नाचताना मिळत नाही. मुखवटा उतरल्यावर तो कसा वागतो त्यावरून मिळते.

आणि मुंबईची केट?

मार्च २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये केट आणि एडविना या शर्मा बहिणी थेट मुंबईहून लंडनला येतात. केट फ्लर्ट करत नाही, ती भांडते, पण त्या जगात दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. एडविनाला येणाऱ्या भाषांमध्ये चक्क मराठीचं नाव घेतलं जातं, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी सीन मागे नेऊन पुन्हा ऐकला असेल. मग त्या बहिणी एकमेकींना 'दीदी' आणि बंगाली 'बॉन' म्हणतात, वडिलांना 'अप्पा' म्हणतात, आणि त्या नेमक्या कुठल्या हा प्रश्न लटकतच राहतो. सीझन १८१४ मध्ये घडतो. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता. मालिकेला त्याचं काही देणंघेणं नाही, ती इतिहास सांगायला बसलेलीच नाही. तरी भारतातून आलेली, लोकांना न बधणारी बाई इंग्रजांच्या दिवाणखान्यात सगळ्यांची झोप उडवते ही कल्पना नेटफ्लिक्सला सुचायच्या सव्वादोनशे वर्षं आधी एलायझाने प्रत्यक्षात करून दाखवली होती.

यातलं काही वाचावंसं वाटलं तर 'लेडी सुझन'पासून सुरुवात करा. पत्रांच्या रूपात आहे, एका बैठकीत संपते, आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. पत्रांचा कंटाळा असेल तर त्यावरचा २०१६ चा 'लव्ह अँड फ्रेंडशिप' हा सिनेमा बघा, केट बेकिन्सेलने धमाल काम केलंय. नाव त्या बालिश गोष्टीचं, कथा लेडी सुझनची, त्यामुळे गोंधळू नका. हेयरच्या पुस्तकांचे हक्क भारतात २०३४ संपेपर्यंत शाबूत आहेत, तेव्हा 'कोटिलियन' विकत घ्यावी लागेल किंवा लायब्ररीत शोधावी लागेल. पहिली पन्नास पानं जरा नेट लावून वाचा. फ्रेडी लंडनला पोहोचला की पुस्तक खाली ठेववत नाही.